एकच पक्षी, बारा रविवार

शनिवार, १६ नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी संपली आणि आज पहिला छंद तास झाला. मुख्याध्यापक हंबीरराव सरांचा हुकूम आहे की प्रत्येक शिक्षकाने आपला आवडता विरंगुळा मुलांना शिकवायचा आणि फेब्रुवारीत दाखवायला काहीतरी हवं. चित्रकलेच्या सरांकडे बेचाळीस मुलं गेली. कॅरमकडे तीस. माझ्याकडे तीन.

मी तरी सांगितलं काय? "रविवारी सकाळी सातला कळंबा तलावाच्या बंधाऱ्यावर यायचं. बोलायचं नाही. मातकट कपडे घालायचे. चार तास उभं राहून पक्षी बघायचे." एवढं ऐकून कोण येणार? आदर्श आणि राजवीर आले, कारण कॅरमच्या सरांनी त्यांना मस्तीखोर म्हणून हाकललं होतं. तिसरी नववी ब मधली शांभवी. तिने आधी हात वर केला नव्हता, 'बंधारा' म्हटल्यावर केला.

"मॅडम, बंधाऱ्यावरनं पलीकडचं सगळं दिसतंय?"

"सगळं."

"आणि तुमच्या मोठ्या दुर्बिणीतनं माणूस वळखू येतोय?"

"माणूस कसला, बगळ्याच्या डोळ्याचा रंग दिसतो," मी म्हटलं. जरा फुशारकीच मारली. पण कुणीतरी काहीतरी विचारलं याचाच आनंद झाला होता.

जूनपासून हात स्वस्थ बसत नाहीत. जयसिंगपूरच्या शाळेत मैदानातलं झाड तोडून पेव्हर ब्लॉक घालायला निघाले, मी आडवी पडले, आणि वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी संस्थेने माझी इथे बदली केली. झाड तरीही तोडलं. इथे कुणाला मी ओळखत नाही आणि मला कुणी. स्टाफरूममध्ये 'भांडखोर बाई' एवढीच माझी ओळख पुढे आलेली दिसते. हा वर्ग नीट झाला तर बरं. नाही झाला तर काय, हे लिहायचं धाडस आज नाही.

रविवार, १७ नोव्हेंबर

तिघंही आले. बंधाऱ्याच्या एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला खाली शेतं आणि त्यापलीकडे मध्यवर्ती कारागृहाची लांबच लांब भिंत. भिंतीच्या अलीकडची शेती त्यांचीच असावी. तिकडे बघण्यासारखं काही नाही, फक्त ओल्या वाफ्यात बगळे उतरतात.

मुलांना माझी पद्धत सांगितली. मोजायला कुणालाही येतं. एकाकडेच बघत राहायला येत नाही. म्हणून प्रत्येकाने आज एकच पक्षी निवडायचा आणि पुढच्या रविवारपासून बारा रविवार फक्त त्याचीच नोंद ठेवायची. काय खातो, कसा चालतो, कुणाजवळ बसतो, काय बदललं. राजवीरने खंड्या घेतला. आदर्शने पाणकावळा घेतला, कारण "त्यो हलत न्हाय, मॅडम, लिवायला कमी." शांभवी मात्र अकरा वाजेपर्यंत ठरवेना. मोठी दुर्बीण तिच्याकडेच होती. शेवटी म्हणाली, "राखी बगळा." शेतातला एकटा राखी बगळा. निवड पाहून मनापासून बरं वाटलं.

एक गोष्ट खटकली. मातकट कपडे सांगूनही ही लालभडक ओढणी घेऊन आली. बोलले. मान खाली घालून "व्हय मॅडम" म्हणाली.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

निवडणुकीच्या कामाने दोन दिवस पायाचे तुकडे पडले. अव्वाचा, माझ्या आईचा, जयसिंगपूरहून फोन आला. "तिथं जीव रमला का गं?" म्हणाली. रमला म्हणून सांगितलं. खोटं बोलले हे तिला कळलं असणार, कारण तिने लगेच जेवणाचं विचारलं.

रविवार, २४ नोव्हेंबर

पुन्हा लाल ओढणी. आज जरा चढ्या आवाजातच म्हटलं, "अगं, आपण त्यांना बघायचं असतं, त्यांनी आपल्याला नाही." तिने ओढणी काढली नाही. उलट खांद्यावरून सोडून चांगली वाऱ्यावर फडफडू दिली. हट्टी आहे. मीही या वयात अशीच होते, त्यामुळे पुढे बोलले नाही.

तिची पहिली नोंद मात्र बघण्यासारखी आहे. इथे उतरवून ठेवते.

'तो एकटाच असतो. बाकीचे सावलीला बसले तरी तो उभा. डावा पाय जपून टाकतो. दहा चाळीसला मान वर करून बंधाऱ्याकडे बघतो. दोनदा पाणी प्यायला.'

आठवडाभर शिकवूनही नववीच्या मुलांना बेडकाच्या पायाचं निरीक्षण लिहिता येत नाही, आणि ही पोर बगळ्याचा अधू पाय टिपते. वेळ घड्याळाप्रमाणे टिपते. वही तपासून परत देत होते तर म्हणाली, "तुमच्याकडंच राहू दे, मॅडम. कुणाला दावू नका." संकोची आहे.

रविवार, १ डिसेंबर

राजवीरचा खंड्या सकाळपासून दिसला नाही म्हणून तो दगड मारून त्याला उठवायला निघाला होता. त्याला अर्धा तास उन्हात उभं केलं. मग वडापाव दिला. शिक्षक म्हणून माझं हे नेहमीचंच गणित, आधी ओरडायचं आणि मग खायला घालायचं.

शांभवीच्या नोंदीत आज लाल शाई वापरावी लागली. तिने लिहिलंय, 'आज तो शेजारच्याशी बोलत होता. हसला.' मी समासात लिहिलं : पक्षी बोलत नाहीत, आवाज काढतात. हसत तर मुळीच नाहीत. भावना घुसडू नये. पुढे लिहिलंय, 'मानेवरचे केस कमी केलेत.' मी लिहिलं : केस नव्हे, पिसं. पिसं गळण्याचा काळ असेल, छान टिपलंस.

सोमवार, ९ डिसेंबर

कालचं आज लिहितेय. काल न राहवून शांभवीला बाजूला करून मी स्वतः तिचा बगळा बघायला दुर्बिणीला डोळा लावला. समोर भाजीचे वाफे, पाटाचं पाणी आणि पाचसहा माणसं कामाला. एक फावडं टेकवून उभा होता. बगळा कुठेच नाही.

"उडाला वाटतं," मी म्हटलं.

"व्हय मॅडम," ती म्हणाली, "उडाला."

तिचा चेहरा इतका पडला की मला अपराध्यासारखं झालं. मी दुर्बीण हलवली आणि तिचा पक्षी घालवला, दुसरं काय. पुढच्या रविवारपासून तिच्या दुर्बिणीला हात लावायचा नाही असं ठरवलं.

संध्याकाळी घरमालकीण धोंडुबाई धार काढून दूध द्यायला आल्या. सगळा गोठा अंगाखांद्यावर घेऊन येतात आणि माझ्या खुर्चीत बसतात.

"काय वो मॅडम, पाखरं मोजून काय मिळतंय?"

"काही नाही."

"मग बरं हाय. आमी म्हसरं मोजतो, त्यातबी काय मिळत न्हाय." मग म्हणाल्या, "रव्वारी तुमी बांदावर असता तवा तुरुंगातली मानसं भाईर असत्यात न्हवं?"

"असतात पाचसहा. रविवारी सुट्टी नसते का त्यांना?"

"असतीया की. पर भाजीला पानी आन् जनावरास्नी वैरण रव्वारीबी लागतीच. जे मागून घेत्यात त्यास्नी काडत्यात."

सुट्टीच्या दिवशी कोण काम मागून घेईल, असं मनात आलं. आत बसून जीव घाबरत असेल. मला कळतं ते.

रविवार, २२ डिसेंबर

गेल्या रविवारी ताप होता, तरी गेले होते. लिहिलं नाही.

आज गार वारा. पाण्यावर हळदीकुंकू बदकं शंभरावर. जानेवारीच्या एकोणीस तारखेला जिल्ह्यात पाणपक्ष्यांची गणना आहे, कळंब्याचा तक्ता मी भरून देणार असं कळवून टाकलं. हंबीरराव सर खूश झाले. "शाळेचं नाव येईल न्हवं?" म्हणाले. येईल म्हटलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ते माझ्याशी हसून बोलले आणि मी दिवसभर त्याच हसण्यावर चालले. या वयात हे बरं नव्हे.

शांभवीची आजची नोंद : 'थंडी आहे. त्याला स्वेटर नाही.' मी पेन उचललं आणि खाली ठेवलं. एखादं वाक्य असू दे असं वाटलं.

रविवार, ५ जानेवारी

सात नोंदी झाल्या. आज दुपारी सगळ्या सलग वाचल्या. मी गेली वीस वर्षं पक्षी बघतेय. माझ्या वह्यांत आकडे आहेत, नावं आहेत, वारा आहे. हे असं एकही पान नाही. डोळ्यांत पाणी आलं, मग स्वतःचाच राग आला, मग उठून फडताळ आवरलं.

उद्याच्या परिपाठाला 'सुविचार आणि विशेष' माझ्याकडे आहे. शांभवीच्या नोंदींतल्या निवडक ओळी वाचून दाखवणार. निरीक्षण म्हणजे काय ते सगळ्या शाळेला कळू दे. तिला आधी विचारलं तर ती नको म्हणेल. संकोची मुलांना असंच पुढे ढकलावं लागतं. मलाही कुणी ढकललं असतं तर बरं झालं असतं.

सोमवार, ६ जानेवारी

काय लिहू.

माईकवरून वाचलं. आवाज चांगला लागला होता. 'तो एकटाच असतो. डावा पाय जपून टाकतो.' पहिल्या दोन ओळींना मुलं चुळबुळत होती. मग नववीची रांग एकदम गप्प झाली. माझ्या मूर्खपणाला वाटलं, रंगली. मी आणखी सावकाश वाचायला लागले. 'दहा चाळीसला मान वर करून बंधाऱ्याकडे बघतो.' मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. शांभवी रांगेतून बाहेर पडली, मैदान ओलांडून फाटकाकडे चालत गेली. पळाली नाही, चालत गेली. शिपाई पिराजीने तिला अडवलं नाही. मी तरीही शेवटची ओळ वाचली. स्वेटरची.

परिपाठ सुटल्यावर आदर्श माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. हा पोरगा कधी खरं बोलत नाही, त्यामुळे आधी मी लक्षच दिलं नाही.

"मॅडम, त्यो बगळा न्हाय."

"मग काय आहे?"

"तिचं पप्पा हायती. आतमदी. सगळ्यास्नी म्हायती हाय. तुमी नव्या हाय म्हनून..."

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"पयल्या रव्वारपासनं. म्हनून तर मी आन् राजवीर मोठ्या दुर्बिणीला हात लावत न्हवतो."

पुढचे दोन तास मी वर्गात काय शिकवलं ते आठवत नाही. मधल्या सुट्टीत ती वही उघडली. माझी लाल शाई पानापानावर. पक्षी बोलत नाहीत. हसत तर मुळीच नाहीत. भावना घुसडू नये.

वीस वर्षं डोळे वापरायचं शिकवतेय मी. दुर्बिणीत तो माणूस माझ्यासमोर फावडं टेकवून उभा होता आणि मी त्याच्या आजूबाजूला बगळा शोधत होते.

गुरुवार, ९ जानेवारी

तीन दिवस शांभवी शाळेत नाही. आज पत्ता काढून गेले. ती आत्याकडे राहते. मोना नाव आत्याचं, फॉल-पिको आणि ब्लाऊज शिवते. मला बघून तिने मशीन थांबवलं नाही.

"चुकलं माझं," मी दारातूनच म्हटलं.

"तुमचं चुकलं, पर निस्तरायचं आमाला," ती म्हणाली. थोड्या वेळाने स्टूल पुढे सरकवलं.

तिच्याकडून कळलं ते असं. वडगावला शेताच्या बांधावर मारामारी झाली, एक माणूस गेला. शांभवीचे वडील प्रभुलिंग आत गेले त्याला अडीच वर्षं झाली. आई वडगावलाच असते. पोर हट्टाने आत्याकडे आली, कारण इथून तुरुंग जवळ.

"पर दादानं पयल्याच भेटीला सांगितलंय, पोरीनं आत यायचं न्हाय. मला ह्या कापडात तिनं बघायचं न्हाय. दोन वर्सं रडली. मग दिवाळीनंतर बांदावर एकदा जाऊन आली आन् तिनंच पत्र लिवलं. मी बांदावर येते मॅडमसंगं, तुमी मान वर करा, लाल ओढणी दिसंल ती मी. तवापासनं रव्वारचं काम मागून घेतलंय त्यानं. चालताना दुखतंय पायात, तरीबी."

लाल ओढणी. मी तिला किती वेळा बोलले, ते आठवून मोजलं. पाच वेळा.

"आता शाळंत जायचं न्हाय म्हनती. हिच्या आईनं सांगितलंय, सव्वीस जानेवारी झाली की वडगावला घालवा."

"मग रविवारचं?"

मोनाने पहिल्यांदा मशीन थांबवलं. "मग काय. त्यो बघत ऱ्हाईल."

आतल्या खोलीचं दार बंद होतं. दाराशी उभी राहून माफी मागितली. दारं बंद असली की मला नेमकं काय बोलावं ते सुचत नाही, मी पुन्हा पुन्हा तेच बोलत राहिले. शेवटी मोना म्हणाली, "मॅडम, ऐकलंय तिनं. आता जावा."

रविवार, १२ जानेवारी

आदर्श-राजवीरला येऊ नका म्हणून सांगितलं. एकटी गेले. मातकट कुर्ता, मातकट टोपी. दहा वाजता दुर्बीण पाण्याकडून शेताकडे वळवली. कुणाच्या तरी घरात डोकावल्यासारखं वाटत होतं, पण वळवली.

पाच माणसं. एक पाय ओढत चालणारा. पांढरी टोपी, तिशी-चाळिशीतला, लहान चणीचा. मला उगाच कुणीतरी दांडगा माणूस असेल असं वाटलं होतं. पाटाचं पाणी वळवलं, वाफा भरला. दहा एकोणचाळीसला फावडं टेकवलं, टोपी काढून हातात घेतली आणि वर बघितलं.

त्याच्याकडे दुर्बीण नाही. एवढ्या लांबून त्याला बंधाऱ्यावर लाल तेवढं दिसणार, बाकी माती. मी मातीतच होते. तो डावीकडून उजवीकडे बघत गेला, परत उजवीकडून डावीकडे. अकरा मिनिटं. बरोबरचा कुणीतरी येऊन त्याच्या दंडाला धरून बोलला, तेव्हा त्याने टोपी घातली.

मी घरी आले आणि दुपारचं जेवण केलं नाही.

बुधवार, १५ जानेवारी

चैन नाही. काल संक्रांत. वर्गात तिळगूळ वाटताना मुलं गोड बोलली, पण नववी ब माझ्याकडे बघत नाही. स्टाफरूममध्ये बघतात आणि लगेच दुसरीकडे बघतात. पंख्याची पाती पुसली. पावसाळी बूट धुतले, ज्यांची जूनपर्यंत गरज नाही.

एक विचार डोक्यात आलाय आणि जात नाही. तो बरा आहे की वाईट, कळत नाही. ती नसताना लाल काहीतरी घेऊन मी उभी राहिले तर? ही फसवणूक झाली. बापाला वाटेल मुलगी आहे, आणि असेल कोण तर तिची वही चव्हाट्यावर आणणारी बाई. पण उभी राहिले नाही तर तो पुन्हा अकरा मिनिटं डावीकडून उजवीकडे बघणार. हेही मला माहीत आहे, आणि माहीत असून घरात बसणं जमेल असं वाटत नाही.

धोंडुबाईंना गोलगोल विचारलं. त्यांना गोलगोल काही विचारता येत नाही.

"त्या प्रभुलिंगाच्या पोरीचं म्हनताय व्हय? आवो, मग हुबं ऱ्हावा की. त्येला कळंल न्हायतर न्हाय कळंल. कोनतरी हाय हे तर कळंल."

"तुम्हालाही माहीत होतं?"

"मला वाटलं तुमी मुद्दामच नेताय पोरीला. म्हटलं, बाई चांगली हाय."



रविवार, १९ जानेवारी

ट्रंकेतून अव्वाने दिलेलं इरकल काढलं. लालभडक. सात वर्षांत घडी मोडली नव्हती, कारण ते नेसून पक्षी बघता येत नाहीत.

आजच गणना. सकाळी आठला दोन माणसं मदतीला आली होती, डोक्यापासून पायापर्यंत हिरवी-तपकिरी. माझ्याकडे बघून एकाने दुसऱ्याकडे बघितलं. "मॅडम, लग्नाला जायचंय का कुठं?" म्हणाला. मी लांब, काठावरच्या झाडाआड उभी राहून मोजत राहिले. साडेदहापर्यंत टिबुकल्या झाल्या, चांदवे झाले, हळदीकुंकू बदकं अर्धी झाली. मग तक्ता खाली ठेवला आणि बंधाऱ्यावर मधोमध जाऊन उभी राहिले. मागे बदकांचा अख्खा थवा पाण्यावरून उठला. तो आवाज मला चांगला कळतो. मागे वळून बघितलं नाही. ती माणसं काय बोलली तेही ऐकलं नाही. तक्त्यात कळंबा यंदा 'अपूर्ण' म्हणून जाणार आणि हंबीरराव सर उद्या हसणार नाहीत.

दुर्बीण तिपाईवर माझ्यासमोर. दहा चाळीसला त्याने टोपी काढली. डावीकडून बघायला सुरुवात केली आणि माझ्यापाशी थांबला. मी पदर सोडला. वारा होता. कितीतरी वेळ तो नुसताच उभा राहिला, मग हात वर केला. मीही केला. मला रडू आलं आणि दुर्बिणीतलं सगळं पुसट झालं, त्यामुळे पुढे काय झालं ते सांगता येत नाही.

घरी येऊन शांभवीच्या वहीत सातव्या नोंदीखाली नवी तारीख घातली. तिच्या वहीत माझ्या निळ्या शाईने पहिल्यांदाच लिहिलं : 'पांढरी टोपी. पाय तसाच. स्वेटर आहे, राखी रंगाचा. दहा चाळीसला वर बघितलं. हात वर केला. मी तुझ्या जागी लाल नेसून उभी होते. विचारलं नाही, पुन्हा चुकलं असेल तर सांग.' वही संध्याकाळी मोनाच्या हातात देऊन आले. तिने मशीन थांबवलं होतं.

सोमवार, २० जानेवारी

हंबीरराव सर हसले नाहीत.

शुक्रवार, २४ जानेवारी

चार दिवस काही नाही. रोज फाटकाकडे बघून वर्गात जातेय. आज शेवटच्या तासाला आदर्शने वही टेबलावर ठेवली. "मोनाआत्यानं दिली," म्हणाला आणि तिथेच घुटमळत राहिला. त्याला जा म्हटलं. तो दाराबाहेर जाऊन उभा राहिला.

मी उभ्यानेच उघडली. माझ्या नोंदीवर सगळीकडे लाल शाई होती. 'हात वर केला' या शब्दांखाली दोन रेघा ओढून समासात लिहिलं होतं :

'कोणता हात? किती वेळ? नोंद अपुरी आहे.'

त्याखाली, 'मी तुमच्यापेक्षा बारीक आहे. त्यांना कळलं असणार.'

आणि सगळ्यात खाली, रेघ सोडून, सावकाश काढलेल्या अक्षरात : 'वडगावला जात नाही. आईला सांगितलंय. रविवारी झेंडावंदन झालं की येते. भाजीला पाणी झेंड्यादिवशीही लागतंच. तुम्ही मातकटच घाला. दोन लाल दिसले तर पप्पांचा घोटाळा होईल.'

आजवर वहीत सगळीकडे 'तो' होता. मी ती ओळ तीनदा वाचली. मग निळं पेन घेऊन तिच्या प्रश्नाखाली उत्तर लिहिलं : उजवा हात. किती वेळ ते मला दिसलं नाही. रविवारी तू बघ.

दाराबाहेरून आदर्शने विचारलं, "मॅडम, आमीबी यायचं का रव्वारी?"

"या," मी म्हटलं, "आणि पाणकावळ्याच्या नोंदी घेऊन या, तीन रविवार बाकी आहेत."